टाकीवरची रेघ

नेव्हिलला मी गॅरेजमधून हाकलला तेव्हा त्याच्या हातात ड्रिल होतं आणि हॅडनच्या टूलबॉक्सच्या झाकणाला दोन ताजी भोकं पडली होती.

"एक बारका दिवा बसेल गं तिथे," तो म्हणाला. "जाळीवाला. झकास दिसेल."

"स्वतःच्या कपाळाला पाड भोकं आणि तिथे बसव तुझा दिवा," मी म्हणाले. "छप्पन सालचं झाकण आहे ते. त्रेपन्न वर्षं त्याला कुणी धक्का लावला नव्हता."

"झाकणच आहे ना जॅन? दुसरं मिळेल."

दुसरं मिळेल! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी त्याच्या हातातलं ड्रिल काढून घेतलं, वायर गुंडाळून त्याच्या छातीवर आपटलं आणि त्याला दाराबाहेर काढला. तो गल्लीत उभा राहून हसत होता, कारण तो माझा धाकटा भाऊ आहे आणि माझ्या रागाची त्याला लहानपणापासून सवय आहे. दुसऱ्या दिवशी मी कुलूप बदललं, तेव्हा त्याचं हसणं थांबलं.

हॅडन म्हणजे आमच्या बाबांची मोटरसायकल. पाचशे सीसीची, गडद लाल. आमच्या टिप्टन गावापासून बसनं वीस मिनिटांवर एक कारखाना होता, तिथे ती जन्मली. बाबा, म्हणजे विल्फ ट्रँटर, त्या कारखान्यात फ्रेम जोडायचे. आई रंगखात्यात होती. कारखाना त्र्याहत्तर साली बंद पडला आणि त्यानंतर काही वर्षांनी बाबांनी गाडीवर ताडपत्री टाकली ती कायमची. मी सिटी बसच्या डेपोत फिटर आहे, तीस वर्षं झाली. पुरुषांच्या डेपोत बाई म्हणून पहिली काही वर्षं जे ऐकलं ते ऐकलं, पण आज तिथे माझ्याइतकं इंजिन कुणाला कळत नाही, आणि हे मी म्हणत नाही, ज्यांनी टोमणे मारले तेच म्हणतात.

आई गेली आणि मी बाबांच्या घरी राहायला आले. त्यांना अठ्ठ्याहत्तरावं लागलं होतं, दोन्ही गुडघे गेलेले. एकदा गुरुवारी मटार आणि मांसाचे गोळे खाता खाता ते म्हणाले, "हॅडनवर एकदा बसावंसं वाटतं बघ. चालवायचं नाही. नुसतं बसायचं." बस, एवढंच म्हणाले. मी त्याच शनिवारी ताडपत्री ओढली.

मी ठरवून टाकलं, बाबा पुन्हा त्या गाडीवर बसतील तेव्हा ती कारखान्याच्या फाटकातून बाहेर पडली त्या दिवशी होती तशीच असेल. एक नट इकडचा तिकडे नाही. ज्यांना ह्यात काय एवढं असं वाटतं त्यांनी खुशाल दुसरं काही करावं.

नेव्हिलला हे कधी समजलंच नाही. त्याची स्वतःची गाडी बघवत नाही. एका चांगल्या घरच्या जुन्या गाडीचा मागचा मडगार्ड त्यानं अर्ध्यात कापलाय, सीट काढून घोड्याच्या खोगिरासारखं काहीतरी ठोकलंय आणि हँडल बैलाच्या शिंगांएवढं. त्यावर बसून तो कालव्याच्या पुलावरून येतो तेव्हा अख्ख्या गल्लीची कुत्री भुंकतात. त्याला हॅडनचंही तेच करायचं होतं. "बाबांना कळेल की कुणीतरी गाडीवर जीव लावलाय," म्हणायचा. जीव लावायचा म्हणजे कापायचं, ही कुठली रीत?

तर त्याला हाकलल्यावर मी एकटीनं काम केलं. डेपोतून आले की चहा आणि मग गॅरेज. इंजिन पूर्ण उघडलं. पिस्टनच्या रिंगा बदलल्या, ठिणगी पाडणाऱ्या मॅग्नेटोची तार नव्यानं गुंडाळून आणली, चाकांच्या तारा एकेक करून ताणल्या. एका जुन्या विक्रेत्याकडून छप्पन सालच्या कॅटलॉगची प्रत मिळवली आणि ती गॅरेजच्या भिंतीवर पानं सुटी करून चिकटवली. त्यात लिहिलेलं असायचं: साखळीच्या डब्याला काळा रंग, चमकदार. पायाच्या रबरावर आडव्या सहा रेषा. मी मोजायचे. पाच निघाल्या तर परत पाठवायचे. भोकं पाडलेलं झाकण मी पितळ भरून, घासून, असं केलं की खुद्द नेव्हिलला दाखवलं असतं तर त्याला भोकं सापडली नसती. पण दाखवायला मी त्याला बोलवत नव्हते.

बाबांना मी गॅरेजमध्ये पाऊल टाकू दिलं नाही. "तयार होईपर्यंत बघायची नाही," असा हुकूमच होता माझा. ते स्वयंपाकघराच्या खिडकीशी बसून विचारायचे, "टाकीला गंज लागलाय का गं?" मी म्हणायचे, "तुम्ही चहा प्या." सरप्राइज द्यायचं म्हटलं की माणूस असा चमत्कारिक होतो.

टाकी. सगळं त्या टाकीपाशीच येतं.

आमच्या आईचं कारखान्यात काम होतं रेघा मारायचं. टाकीला लाल रंग चढून वाळला की तिच्या दोन्ही बाजूंना सोनेरी रेघ यायची, आणि ती रेघ हातानं मारली जायची. लांब केसांचा ब्रश, पट्टी नाही, चिकटपट्टी नाही. करंगळी टाकीच्या कडेला टेकवायची, श्वास धरायचा आणि एका दमात पुढून मागे. असं काम करणाऱ्या त्या खात्यात सहा बायका होत्या आणि त्यांत मॅव्हिस ट्रँटरसारखा हात दुसरीचा नव्हता. जुने कामगार अजून मला थांबवून सांगतात, तुझ्या आईची रेघ म्हणजे दोऱ्यानं आखलेली.

आणि आमच्या हॅडनच्या टाकीवरची रेघ? उजवीकडची ठीक होती. डावीकडची निम्म्यापर्यंत सरळ, मग गुडघा टेकायच्या रबरापाशी एकदम वर उडालेली, आणि तिथून मागे दुप्पट जाड, वेडीवाकडी, जणू कुणी झाडूनं ओढली. लहानपणी मी त्याच टाकीवर बसून फिरले होते, पण पोरांना रेघ कुठे दिसते. आता दिसली आणि माझं डोकं फिरलं. कुणीतरी मधल्या काळात टाकी रंगवली होती. कुणी हलक्या दर्जाचा रंगारी, बाबांना फसवून गेलेला. ज्या घरात मॅव्हिस ट्रँटर राहत होती त्या घरातल्या गाडीवर ही असली रेघ!

नेव्हिल तेव्हा अजून येत होता. तो टाकीवरून हात फिरवत म्हणाला होता, "टाकी मात्र अशीच ठेव गं. मला आवडते ही."

"तुला काय, तुला वाकडंच आवडतं," मी म्हणाले होते.

टाकी मी रेज हॅकेटकडे दिली. रेज जुन्या टाक्या रंगवतो, हातानं रेघ मारणारे जे थोडे उरलेत त्यांतला एक. दोन दिवसांनी त्याचा फोन आला.

"जॅनिस, रंग उतरवायच्या आधी एकदा विचारतो. हा रंग मला कारखान्यातलाच वाटतोय. खाली दुसरा थर दिसत नाही."

"रेघ बघितलीस का डावीकडची?"

"बघितली. तेच म्हणतोय. त्या रेघेवर कागद ठेवून माप काढून घेऊ का? मी नेहमी घेतो."

"कशाला? मी कॅटलॉग पाठवलाय ना? त्यात कडेपासून किती, रुंदी किती, सगळं आहे. तसं कर. ती घाण मला परत बघायची नाही."

"बाबांना विचारलंस का?"

"रेज, तुला काम करायचंय की माझी उलटतपासणी?"

तीन आठवड्यांनी टाकी आली. गडद लाल, आरशासारखं तोंड दिसावं अशी, आणि दोन्ही बाजूंना तीन मिलीमीटर सोनेरी रेघ, कॅटलॉगमधून उचलून ठेवावी तशी. मी ती हातात घेऊन गॅरेजमध्ये खाली बसले आणि रडले. वाटलं, आई, तुझी अब्रू राखली.

मे महिन्यात गाडी तयार झाली. रविवारची सकाळ ठरवली. बाबा म्हणाले, "नेव्हिलला बोलाव. नाहीतर मी येत नाही." मी नाक मुरडत फोन केला. तो आला, आणि चक्क शर्ट इस्त्री करून आला. आम्ही दोघांनी दोन बाजूंनी धरून बाबांना मागच्या तीन पायऱ्या उतरवल्या. मी दार वर केलं.

उन्हात गाडी अशी चमकली की नेव्हिलच्या तोंडून शिवी निघाली, चांगल्या अर्थाची. तो टूलबॉक्सच्या झाकणाशी वाकून भोकं शोधायला लागला आणि ती सापडली नाहीत तेव्हा त्यानं माझ्याकडे बघून मान डोलावली. मला वाटलं, संपली सगळी भांडणं.

काठी टेकत टेकत बाबा गाडीच्या उजव्या बाजूनं गेले, इंजिनवर हात ठेवला, "छान," म्हणाले. मग मागून वळून डाव्या बाजूला आले. आणि तिथे थांबले.

"रेघ कुठे आहे?"

"ही काय बाबा."

"ही नव्हे. तिची."

मला वाटलं, म्हातारपण. मी समजावणीच्या सुरात म्हणाले, "अहो, ती कुणीतरी मागाहून मारलेली होती. वाकडी. मी ती काढून टाकली. आईची रेघ मला ठाऊक नाही का?"

"तुला घंटा ठाऊक आहे," बाबा म्हणाले.

उभ्या जन्मात ते माझ्याशी असं बोलले नव्हते. त्यांचा चेहरा टाकीसारखा लाल झाला होता. नेव्हिलनं स्टूल पुढे केलं, ते त्यांनी काठीनं उडवून लावलं.

"वीस वर्षं मॅव्हिस रेघा मारत होती. हजारो टाक्या. तिची एकच रेघ चुकली. ती ह्या टाकीवर होती."

"आईची? आईचा हात असा..."

"ऐक! लग्न ठरलं होतं आमचं. त्या वेळी लग्न झालं की बायका काम सोडायच्या, तशीच पद्धत होती. मी चहाच्या सुट्टीत वर रंगखात्यात गेलो. तिचा ब्रश टाकीवर टेकलेला. रेघ मारणाऱ्या बाईशी बोलायचं नाही, हे कारखान्यातल्या मांजरालासुद्धा माहीत होतं. मी बोललो. म्हटलं, जूनमध्ये लग्न आहे, तर तू मे अखेरीला काम सोडतेयस असं मी तुमच्या मुकादमाला सांगून आलोय."

"परस्पर?" नेव्हिल म्हणाला.

"परस्पर. गाढव होतो. तिचा हात उडाला. भीतीनं नाही, रागानं. ओली रेघ फडक्यानं पुसता येते, रोजच पुसायच्या त्या. तिनं पुसली नाही. माझ्याकडे बघत बघत ती तशीच मागेपर्यंत ओढत नेली. म्हणाली, ही टाकी आता नापास होणार विल्फ. ती तू मागून घे आणि तुझ्या गाडीला लाव. पुन्हा कधी माझ्या वतीनं बोलायची हुक्की आली तर हिच्याकडे बघ."

बाबांना धाप लागली. ते गाडीला धरून उभे राहिले.

"कारखाना बंद होईपर्यंत ती कामावर होती. आणि मी त्या रेघेकडे बघत राहिलो. किती वेळा बघितलं असेल, तुम्हाला काय सांगू."

"आम्हाला कधी बोलला नाहीत," मी म्हणाले. माझा आवाज चढला होता. हो, चढला होता. मी वर्षभर हाडं झिजवली होती त्या गॅरेजमध्ये. "एक शब्द सांगितला असता तर?"

"मी खाल्लेल्या शिव्या पोरांना सांगू? आणि तू विचारलंस? रोज खिडकीतून विचारत होतो मी, टाकी कशी आहे. चहा प्या म्हणायचीस!"

"कॅटलॉगात होतं तसं..."

"कॅटलॉगशी लग्न झालं होतं का माझं?"

मी खिशातून फोन काढला आणि तिथेच रेजला लावला. रविवार होता, तो जेवत होता बहुतेक. मी म्हणाले, रेज, त्या जुन्या रेघेचा कागद, फोटो, काही आहे का तुझ्याकडे? काहीही. तो म्हणाला, "तू नको म्हणालीस ना जॅनिस." त्याच्या आवाजात राग नव्हता, त्यामुळे जास्त लागलं. मी फोन ठेवला आणि नकारार्थी मान हलवली.

"घरात एखादा फोटो असेल," नेव्हिल म्हणाला. "आपण लहानपणी गाडीवर बसलेले."

"त्यात तुमचे पाय आहेत रेघेवर," बाबा म्हणाले. "सगळ्या फोटोंत. मी बघितलेत."

नेव्हिल माझ्याजवळ येऊन उभा राहिला. त्यानं मला एक शब्द बोलायला हवा होता. 'मी म्हटलं होतं,' असं म्हणायला हवं होतं, म्हणजे मला त्याच्या कानाखाली वाजवता आली असती. मला त्याचाही राग आला, रेजचा आला, फोन करून विचारणारा आणि मग माझं ऐकणारा तो. आईचा आला, तीस वर्षं त्या ताडपत्रीजवळून कपडे वाळत घालायला जायची आणि हसायची, त्या हसण्याचा अर्थ कधी सांगितला नाही. सगळ्यांवर राग काढून झाला तरी तो संपेना, मग तो जिथे जायचा तिथे, माझ्यावरच, गेला.

"आईचं नाव खराब होऊ नये म्हणून केलं मी," मी म्हणाले.

"हो," बाबा म्हणाले. "तिच्या वतीनं ठरवलंस. मी केलं तेच."

मग त्यांनी कामाच्या बाकावर नजर फिरवली. "करवत दे ती."

"कशाला?"

"आमच्या वेळी पोरं नवी गाडी घेतली की पहिल्या आठवड्यात मागचा मडगार्ड कापायची. मलाही कापायचा होता. त्या टाकीमुळे मी ह्या गाडीला कधी हात लावला नाही. म्हटलं, काही बदलायचं नाही, मॅव्हिसचा निरोप आहे तो. आता निरोप नाही. आता ही नवीकोरी गाडी आहे, दुकानातली. नेव्हिल, तुला कापायची होती ना? काप."

"नाही बाबा," नेव्हिल म्हणाला. "ही नाही. जॅननं वर्ष घातलंय."

"मग सरक."

त्यांनी स्वतःच करवत उचलली. स्टूलवर बसले, डावा हात मडगार्डवर ठेवून अंगठ्याच्या नखानं जागा धरली. फ्रेमखात्यात पंचवीस वर्षं काढलेला माणूस, करवत कशी धरायची ते हात विसरले नव्हते. पहिल्या ओढीला लाल रंगाचा ढलपा उडाला. मी ओरडले. मी खरंच ओरडले, "बाबा, थांबा, पाया पडते तुमच्या." शेजारच्या घराची खिडकी उघडली. ते थांबले नाहीत. तरी मी त्यांचा हात धरला नाही, कारण कुठल्या तोंडानं धरणार?

पत्रा निम्मा कापला गेला आणि त्यांचं बळ संपलं. खांदे खाली आले, घाम नाकावरून टपकत होता. करवत पत्र्यातच अडकून राहिली. नेव्हिल त्यांच्यासाठी पाणी आणायला घरात गेला.

"आता तू," बाबा म्हणाले.

"मी नाही."

"मग हे असं ठेवू? अर्धं?"

निम्मा कापलेला मडगार्ड कुठल्या कॅटलॉगात नसतो. तो जोडता येतो, पितळ भरता येतं, घासता येतं, रंगवता येतं. मला येतं ते सगळं. पुढच्या रविवारपर्यंत मी तो असा केला असता की चीर कुणाला सापडली नसती. बाबांनाही हे माहीत होतं, आणि ते माझ्याकडे बघत होते.

मी गुडघे टेकून खाली बसले, करवतीची मूठ धरली आणि उरलेलं कापलं.